जुना भाग आधी दाखवा

मंगळवार, ५ मार्च

बॉनीने तिच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात मला टेबल टाकू दिलं, त्याला आता वर्ष होत आलं. पुढे जनावरांचं खाद्य, कुंपणाच्या तारा, खुरांचं मलम. मागे मी आणि माझी बंदूकदुरुस्ती. खाण बंद पडल्यावर या वयात दुसरं काय सुचणार? माणसं जमतात माझ्याकडे, नाही असं नाही. भिंतीवरच्या खिळ्यांना ज्याचे त्याचे कप टांगलेत, कॉफी फुकट आहे, आणि आमच्या साल्ट क्रीक गावात कोणाच्या घरी काय चाललंय हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. फक्त बंदुका कोणी आणत नाही. ही डायरी खाद्याच्या कंपनीने वाटलेली. धंद्याच्या नोंदी करीन म्हणून ठेवली होती. नोंदण्यासारखं काही घडत नाही, तेव्हा आता मनात येईल ते लिहितो.

आज मात्र लाइल आला. लाइल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्नाचा नवरा. ऑक्टोबरात त्याचा भाऊ केन वरच्या उतारावर ट्रॅक्टरखाली सापडून गेला, तेव्हापासून हा गावात फिरकलाच नव्हता. उतार ओला होता, तरी गवत आजच खाली आणू या असं लाइलच म्हणाला होता. हे साऱ्या गावाला माहीत आहे आणि त्याच्यासमोर कोणी काढत नाही. तो दारातून आत आला तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही. कोट अंगावर नुसता लोंबत होता.

मी त्याचा कप खिळ्यावरून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि कॉफी ओतली. म्हटलं, "बरं झालं आलास. कपात कोळ्याने घर केलं होतं."

"केनच्या बंदुकीला बोल्ट हवाय," तो म्हणाला.

केनने सुटे भाग जमवून स्वतः बांधलेली अर्धस्वयंचलित रायफल ही. तो गेल्यापासून लाइलच्या स्वयंपाकघरात दारावर टांगलेली असते. बोल्ट आणि त्याला वाहून नेणारा कॅरिअर मिळून वीतभर लांबीचा एक तुकडा होतो, कोटाच्या खिशात मावेल असा. काडतूस पुढे ढकलायचं, नळीला कुलूप लावायचं, उडालेली पुंगळी ओढून बाहेर टाकायची, सगळं तोच करतो. तो काढला की बंदूक भिंतीवरच्या शोभेपुरती उरते.

"जुन्याला काय झालं?"

"दात तुटला त्याचा."

"घेऊन ये की. बघू दे."

"फेकला."

माझ्या डोक्यावर भिंतीला पाटी आहे, मीच रंगवलेली: जुना भाग आधी दाखवा. आपल्या बंदुकीबद्दल बोलताना माणूस हातून निसटलेल्या माशाबद्दल बोलावं तसं बोलतो, म्हणून तुटका तुकडा टेबलावर आल्याशिवाय मी नवा मागवत नाही. पण बहिणीच्या नवऱ्याला पाटी कशी दाखवणार? इतक्या महिन्यांनी तो माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, मागवतो.

"कोकरं होतील आता," तो म्हणाला. "कोल्हे टेकडीपर्यंत यायला लागलेत." जानेवारीत त्यांनी बहुतेक मेंढ्या विकल्या, पण जेवढ्या राहिल्या तेवढ्या तर राखायला हव्यातच. मग उठता उठता म्हणाला, "मार्नाला बोलू नकोस."

हे काय मला सांगायला हवं? या मुलखातल्या निम्म्या बंदुका बायकांच्या हिशेबी 'आधीपासूनच होत्या'. प्रत्येक नवा भाग गाडीच्या सीटखालून घरात शिरतो. मी डोळा मारला. तोही हसला, म्हणजे ओठ हलवले त्याने. माणूस पुन्हा माणसांत येतोय. मला फार बरं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च

नेहमीचा, सर्रास खपणारा बोल्ट मागवला. लाइल म्हणतो बंदूक साधीच आहे. बघायला आणत नाही. मार्ना घरी असते, आणि बंदूक भिंतीवरून उतरवली की चौकशा करते म्हणे.

बॉनीने एक खबर दिली. मार्नाला तिने पास्टरच्या गॅरेजपाशी गाडीतून लांब पेट्या उतरवताना पाहिलं, गेल्याच महिन्यात. म्हणजे लाइलने बाकीच्या सगळ्या बंदुका पास्टरला विकल्या! आणि मला विचारलंसुद्धा नाही. ती त्याच्या वडिलांची हरणाच्या शिकारीची जुनी रायफल मी डोळे मिटून घेतली असती. पास्टर त्या बंदुका घेऊन काय करणार, प्रवचनात झोपलेल्यांना उठवणार? बॉनीला हे ऐकवलं तर ती हसली नाही. "तू जरा मार्नाशी बोल," म्हणाली. मी का बोलू? राग मला आलाय. त्यांनी बोलावं.

मंगळवार, १९ मार्च

तोंडघशी पडलो. मागच्या मंगळवारी लाइलला बोल्ट दिला, आज तो त्याने परत आणून टेबलावर ठेवला. "बसत नाही. काडतूस आत जातं, पण हा मिटत नाही."

कॅरिअर रुळावर छान सरकतो म्हणे, अडतंय पुढच्या तोंडाशी. म्हणजे केनने नळी निराळी घातलीय, जाड बुडाच्या काडतुसाची. अशा बंदुकीला बाकी सगळं नेहमीचंच चालतं, पण बोल्टचं तोंड रुंद लागतं. जुना तुकडा हातात असता तर मला एका नजरेत कळलं असतं. पाटी लिहायची आणि आपणच मोडायची.

मी स्वतःला शिव्या घालत होतो आणि लाइल माझ्याकडे बघत उभा होता. चेहरा पांढराफटक. एका बोल्टपायी माणूस एवढा खचतो? मला वाटलं, केनची बंदूक आहे, जीव गुंतला असणार.

"दुसरा कधी येईल?"

"अरे, आधी कुठला ते तर कळू दे. बंदुकीचा वरचा अर्धा भाग तरी घेऊन ये. आणि घाई काय? कोल्हे कुठे पळून चाललेत?"

"मला वाटलं होतं या आठवड्यात होऊन जाईल," तो म्हणाला आणि बाकावर बसला. बराच वेळ बसला. मी खाणीतल्या जुन्या गोष्टी सांगत राहिलो. ऐकत होता की नाही देव जाणे, पण उठून गेला नाही.

मंगळवार, २६ मार्च

आजचा दिवस चांगला गेला. डायरीत असं वाक्य लिहायची वेळ क्वचितच येते.

मार्ना चर्चच्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली होती. लाइलने बंदुकीचा वरचा भाग कुत्रीच्या कांबळ्यात गुंडाळून आणला, आणि वर टिक स्वतः बसलेली. टिक त्यांची मेंढ्यांवरची कुत्री. लाइल जिथे जाईल तिथे ती. मी नळीवरचं आवरण काढलं, तर खालच्या अंगाला केनने ठोकलेला काडतुसाच्या मापाचा आकडा. माझा अंदाज खरा निघाला. लाइलला मी तो दाखवला, रुंद तोंडाचा बोल्ट कसा ओळखायचा ते शिकवलं, आकडा पाठ करून घेतला. म्हटलं, उद्या मी मेलो तरी तुला दुसऱ्या कुठल्याही दुकानात फसवता येणार नाही कोणाला.

मग निवड. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. एक चमकता होता, पुसायला सोपा. एक साधा काळा. एका जुन्या घडणीच्या बोल्टचे दात म्हणे थंडीत तडकतात. मी एकेकाचे गुण सांगत होतो.

"सगळ्यात साधा दे," लाइल म्हणाला. "फार दिवस टिकायला नको."

त्यावर मी त्याला असं झापलं! हे तुमचं कायमचं, मेंढ्यांना महागाचं औषध आणि स्वतःसाठी फाटके बूट. केनची बंदूक आहे, तिला चांगलाच बोल्ट बसेल, पुढे तीस वर्षं वापर. तो म्हणाला, बरं, तू म्हणशील तो.

दुपारी बॉनीने तिच्या तिखटजाळ चिलीचे, म्हणजे राजमा घातलेल्या खिम्याचे, दोन वाडगे आणले, बरोबर दालचिनीचे गोड रोल. लाइलने रोल चिलीत बुडवून खाल्ला, लहानपणी शाळेत खायचो तसा. मग केनने एकदा मेंढा समजून पास्टरच्या बायकोलाच कसं कुंपणाबाहेर हाकललं ते सांगितलं. केन गेल्यापासून त्याची गोष्ट लाइलच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्याचं पाणी थांबायला जरा जास्त वेळ लागला.

तो गेल्यावर एक स्वार्थी विचार आला. हा बोल्ट यायला उशीर झाला तर बरं. तोपर्यंत तरी दर मंगळवारी येईल.

रविवार, ३१ मार्च

ईस्टरचं जेवण मार्नाकडे. हॅम, बटाटे, आईच्या पद्धतीच्या पातळ बटाट्याच्या पोळ्या. पानं मांडताना तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि माझा हात दाबला. "ऑरी, तो मंगळवारी तुझ्याकडे येतो ना? येऊ दे. त्या दिवशी रात्री नीट जेवतो. परवा तर शीळ घालत होता."

"माझ्या कॉफीचा गुण," मी म्हटलं.

"कशाचा का असेना." तिने घरातसुद्धा कोट चढवला होता. सारखी एका खिशावरून हात फिरवायची. म्हटलं, चूल पेटलीय आणि तुला थंडी वाजते? म्हातारी झालीस. ती म्हणाली, हो, झाले.

जेवताना माझी नजर दारावरच्या बंदुकीकडे गेली आणि माझी जीभ सुटली. "काय सुंदर काम आहे केनचं. आता लवकरच तिला..." टेबलाखालून लाइलची लाथ अशी बसली की घासाचा ठसका लागला. मार्ना दोघांकडे बघत राहिली. मी विषय हवेवर नेला. बायकोला एवढा घाबरणारा माणूस मी पाहिला नाही.

निघताना लाइलने मला आपलं खोगीर गाडीत टाकून दिलं, बापाकडून आलेलं. मी नको नको म्हणालो. "तुझी नजर लहानपणापासून आहे त्याच्यावर," म्हणाला. खरं आहे. पास्टरला बंदुका दिल्या त्याचा माझा राग तिथेच विरला.

मंगळवार, ९ एप्रिल

बोल्ट आला. लाइलने वरचा भाग आणलाच होता. मी बोल्ट बसवला, मापाच्या नकली काडतुसांनी तपासला, मागे ओढून सोडला. खट्. असा आवाज आला की बॉनीने पुढून विचारलं, झालं का लग्न?

लाइल आज मोकळा वाटत होता. दाढी केलेली. मी दोनदा समजावलं, एकदा तेल कसं द्यायचं ते लिहूनही देऊ का म्हटलं. नको म्हणाला. मग उठून त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं, मला मिठी मारली. आमच्यात हे नसतं. माझे हात तसेच लोंबत राहिले, एका हातात तेलाचं फडकं.

"टिकला दोन दिवस ठेवशील? बिलिंग्जला पाठीच्या डॉक्टरकडे जायचंय."

टिक! या कुत्रीसाठी मी किती वर्षं त्याच्या मागे लागलोय. हो म्हणालो. तो गेल्यावर पाहिलं तर त्याने आपला कप बॉनीच्या मोरीत धुऊन, पुसून खिळ्याला टांगला होता. माझ्याकडे आजवर कोणी कप धुतलेला नाही. मार्नाने शेवटी वळण लावलं म्हणायचं.

टिक दाराला नाक लावून बसलीय. हॅमचा तुकडा दिला, तिने वास घेतला नाही.

बुधवार, १० एप्रिल

लाइल जिवंत आहे. आज याहून जास्त लिहवत नाही.

शनिवार, १३ एप्रिल

लिहून काढतो. बोलायला मला आता तोंड नाही.

बुधवारी सकाळी मार्ना कोंबड्यांचं खाद्य घ्यायला दुकानात आली. टिक धावत तिच्या पायांत गेली.

"ही इथे काय करतेय?"

"लाइलने ठेवलीय. बिलिंग्जला जातोय ना, पाठीसाठी."

"कुठली पाठ?" ती म्हणाली. मग माझ्या टेबलाकडे बघितलं, पाना, फडकं, रिकामं खोकं. "ऑरी, त्याने तुझ्याकडून काय नेलं?"

आणि मी गाढव हसलो. म्हणालो, "आम्हा पुरुषांची काही गुपितं असतात, बाई."

तिने कोटाच्या खिशात हात घातला, एक लोकरीचा मोजा काढला आणि टेबलावर ठेवला. लाकडावर पडताना त्याचा जो आवाज झाला, तो मला ओळखीचा होता. मी मोजा उलटा केला. केनचा बोल्ट. उजेडात धरून फिरवला. सगळे दात जागच्या जागी, एकालाही चरा नाही, वर तेलाचा हात फिरवलेला. रुंद तोंडाचा. जुना भाग, बरोबर माझ्या पाटीखाली.

"फेब्रुवारीत तो गोठ्यात ती बंदूक घेऊन बसला होता," मार्ना म्हणाली. "मी काढून घेतला. तेव्हापासून माझ्याजवळ आहे. झोपतेसुद्धा घेऊन."

बॉनीने फोन उचलला होता, शेरीफसाठी. आम्ही थांबलो नाही. मार्नाच्या गाडीत टिक मध्ये आणि मी कडेला. तिने गाडी अशी हाणली की टिक वळणावळणाला माझ्या अंगावर आदळत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. "सख्खा भाऊ मी तुझा!"

"तुला?" तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तुला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. त्याची एकच अट होती. बाकीच्या बंदुका पास्टरकडे ने, केनची भिंतीवर राहू दे, बोल्ट तू ठेव, सगळं कबूल. फक्त ऑरिनला कळता कामा नये."

पास्टरने बंदुका घेतल्या हे मी त्याच दिवशी भिंतीवरच्या सगळ्या कपांच्या मालकांना सांगितलं होतं. मार्ना पुढे म्हणाली, "आणि मला वाटलं तो सुधारतोय. तुझ्याकडे यायचा म्हणून. मी प्रार्थनेत तुझं नाव घेत होते, ऑरी."

त्याची गाडी वरच्या उताराच्या पायथ्याशी होती, केन पडला तिथे. लाइल आत बसलेला, बंदूक मांडीवर आडवी. काच खाली होती. आम्ही दिसल्यावर तो दचकला नाही, फक्त दमल्यासारखा दिसला. मी दाराशी पोचलो आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "नीट बसलाय, ऑरिन. चांगलं काम केलंस."

जन्मभर मला कोणी म्हणावं म्हणून मी झुरत होतो, ते हे वाक्य.

मार्ना दुसऱ्या बाजूने गाडीत शिरली, त्याच्या शेजारी बसली आणि तिने नुसता तळवा पुढे धरला. वारा होता, गाडी हलत होती. टिक त्याच्या पायाशी जाऊन पडली. मी बाहेर उभा, काय करावं ते सुचेना. टोपी काढून हातात धरली, चर्चमध्ये धरावी तशी. केव्हातरी लाइलने बंदूक उघडली, बोल्ट बाहेर ओढला आणि तिच्या हातावर ठेवला. मग तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो रडला नाही. मीच रडलो.

मंगळवार, ३० एप्रिल

लाइलला बिलिंग्जच्या रुग्णालयातून घरी पाठवलं. गोळ्या दिल्यात. गावात सगळे विचारतात, मी पाठ म्हणून सांगतो. बॉनीला खरं माहीत आहे, तीही पाठच म्हणते. एवढं एक मी शिकलो, आणि काय वेळेला शिकलो!

केनची बंदूकही पास्टरकडे गेली. दोन्ही बोल्ट मार्नाने मला दिले. "माझ्याच्याने आता एकाचंसुद्धा वजन सोसत नाही," म्हणाली. ते माझ्या हत्यारांच्या पेटीत कुलपात आहेत. शेजारी शेजारी ठेवले तर फरक कळत नाही. कुठलाही घाला, बसेल. माझी निवड अचूक होती.

आणि या कुलपाने काय साधलं? रात्रंदिवस हाच विचार. जो भाग या देशात गावोगावी खिळ्यांसारखा मिळतो, तो मी कुलपात ठेवून बसलोय. कुठला मागायचा ते लाइलला पाठ आहे, मीच घोकून घेतलं. बोल्टच कशाला, अख्खी बंदूक मिळेल. त्याला अडवायला आपल्या हाती काहीच नाही. आज त्याच्याकडे गेलो तेव्हा तो पायरीवर बसला होता.

"तू आणि मार्ना आता आळीपाळीने मला राखणार का?" म्हणाला. "मेंढ्यांसारखं?"

"हो."

"मेंढीला मरायचं असलं की ती मरतेच, ऑरिन. तू मेंढ्या पाळल्या नाहीस, तुला माहीत नाही."

मी खोगीर परत आणलं होतं. ते घेऊन जा म्हणाला. मी त्याच्या पायरीवर टाकलं आणि निघालो. पुढच्या मंगळवारी ये, असं म्हणायचं मनात होतं. म्हणायची लाज वाटली.

मंगळवार, २१ मे

लाइल येतो मंगळवारी. मार्ना सोडते आणि घेऊन जाते. पहिल्यासारखा हसत नाही, केनचं नाव काढत नाही. वजन आणखी उतरलंय. बाकावर बसतो, कॉफी पितो, टिकच्या कानामागे खाजवतो. सुधारतोय असं मी म्हणणार नाही. तो शब्द मी एकदा वापरून बघितला. हल्ली कप मात्र पुन्हा धुवायचा विसरायला लागलाय, की मुद्दाम आमचीच परीक्षा बघतो, कोण जाणे. कधी धुऊन टांगतो, कधी नाही. धुतलेला दिसला की मला तो निरोपाचा मंगळवार आठवतो, आणि मी आणि मार्ना त्या रात्री फोनवर असतो.

आज एक परका माणूस आला. तेलाच्या विहिरींवरचा असावा, बुटांना तसला चिखल. चाळिशीचा, बोट कोरं, पण अंगठीचा पांढरा पट्टा उमटलेला.

"बोल्ट हवाय. साधाच. माझा तुटला."

"जुना दाखवा," मी म्हणालो.

"फेकला."

माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. मी वर पाटीकडे बोट केलं. "जुना भाग आधी टेबलावर. त्याशिवाय मी देत नाही."

"हे काय नवीन? तुझ्याकडे शिल्लक आहे का नाही?"

"आहे."

"मग?"

मग मी असं काही विचारलं, जे या मुलखात कोणी कोणाला विचारत नाही, आणि मीही आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं. "बाबा रे, तू बरा आहेस ना? बस. कॉफी घे."

तो लालबुंद झाला. मला काय काय म्हणाला ते लिहीत नाही. दार असं आपटलं की बॉनीच्या काउंटरवरची बियाण्यांची पाकिटं खाली पडली. बॉनी ती गोळा करायला लागली. कदाचित त्याचा बोल्ट खरंच तुटला असेल. बहुतेकांचा खरंच तुटतो.

लाइल बाकावरून सगळं बघत होता. म्हणाला, "त्याला माइल्स सिटीत मिळेल."

"माहीत आहे."

"दुपारच्या आत मिळेल."

"माहीत आहे."

"मग तू काय मिळवलंस?"

मी विचार केला. खोटं सांगून दिलासा द्यायची माझी लायकी राहिलेली नाही, आणि खरं म्हणावं असं माझ्यापाशी एवढंच होतं.

"दुपार," मी म्हणालो.

लाइल माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून टिकच्या कानामागे खाजवायला लागला. बाहेर मार्नाने हॉर्न वाजवला. तो उठला, टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि टिकला हाक मारली.

त्याचा कप टेबलावर तसाच आहे, तळाशी कॉफी राहिलेली. मी तो धुतला नाही.